टालनेसचे दोन मीटर

इल्वाचं हे वागणं दाग्नीला जन्मात पटलं नव्हतं. कुणी चार चांगले शब्द बोललं की ती अशी आक्रसायची, जणू समोरच्याने तिच्यावर चोरीचा आळ घेतलाय. "नशीब होतं," म्हणायची. "बाकीच्या त्या दिवशी दमलेल्या होत्या," म्हणायची. एकदा तर टीव्हीवर, अख्ख्या देशासमोर, "वारा मागून होता" म्हणाली. उंच उडीत वारा मागून असला काय नि पुढून असला काय! दाग्नी तेव्हा स्वयंपाकघरात ओव्हन घासत होती, कारण मुलगी उडी मारत असताना पडद्याकडे बघायची तिची छाती नव्हती. तिथूनच ती ओरडली होती, "अगं, तू काय शिडाची होडी आहेस?"

आता इल्वा बेचाळीस वर्षांची होती. टाचेच्या वरची शीर कायमची दुखावली तेव्हाच उडी सुटली होती, आणि ती गावी परतून आरोग्य केंद्रात म्हाताऱ्यांचे गुडघे वाकवायचं काम करत होती. खोड मात्र गेली नव्हती. एखाद्या म्हाताऱ्याने कौतुकाने विचारलं, "तूच ना गं ती उडीवाली?" की ही म्हणायची, "फार जुनी गोष्ट आहे. गुडघा सरळ कर."

हे वळण आईकडून आलेलं नव्हतं, एवढं नक्की. दाग्नीने शाळा पाहिली ती लिहा-वाचायला येईपर्यंत. मग लाकूडगिरणीच्या खानावळीत भांडी घासायला लागली, आणि वयाच्या तिशीत त्याच खानावळीची मालकीण असल्यासारखी वागू लागली. गिरणीतले दांडगे पुरुष तिच्यासमोर टोपी काढून ताट घ्यायचे. नवरा गेला, दोन मुलगे संसाराला लागले, तरी रविवारी सगळ्यांनी तिच्याकडे जेवायला यायचं आणि तिने वाढलेलं संपवायचं, हा कायदा कुणी मोडला नव्हता. आपण केलेल्या कामाचं नाव आपणच मोठ्याने घ्यायचं, नाहीतर दुसरा कोणीतरी ते स्वतःच्या नावावर खपवतो, असं तिचं साधं मत होतं. टालनेसमध्ये असलं मत असणारी ती बहुधा एकटीच. बाकी गावाला चारचौघांत मान वर करणं म्हणजे उघड्या अंगाने चर्चमध्ये जाण्यासारखं वाटायचं.

आणि मान वर करावी असं इल्वाने काय कमी केलं होतं?

लहानपणीच ती घरापुढच्या झेंड्याच्या खांबासारखी वाढली. वर्गातली पोरं तिला खांबच म्हणायची. गिरणीत करवतींना धार लावणारा बेर्तिल संध्याकाळी गावातल्या पोरांना खेळ शिकवायचा. त्याने तिला पहिल्यांदा पळताना पाहिलं आणि तिथल्या तिथे दाग्नीच्या दारात येऊन उभा राहिला. "ही मला दे," म्हणाला. दाग्नी म्हणाली, "घेऊन जा, पण जेवायच्या वेळेला परत आण."

हिवाळ्यात मैदानावर कमरेइतका बर्फ. मग बेर्तिलने गिरणीची फळ्या वाळवायची शेड रिकामी करून घेतली. धावायला जागा अपुरी, मधोमध एक खांब. इल्वा त्या खांबाला वळसा घालून धावायची आणि पलीकडे लाकडाच्या भुशाच्या ढिगात पाठीवर पडायची. घरी यायची तेव्हा केसांत, कानांत, बाह्यांत, सगळीकडे भुसा. पुढे मोठ्या स्पर्धांत तिचा तो वळसा पाहून परदेशी प्रशिक्षक माना डोलवायचे, हे कुठलं तंत्र म्हणून विचारायचे. कुठलं तंत्र! मध्ये खांब होता.

खरी गादी घ्यायची ठरली तेव्हा क्लबच्या पोरांनी घरोघर टॉयलेट पेपर विकले. दुसरीकडे लोक कशासाठी काय विकत असतील ते असो, पण इथे क्लबला काही हवं असलं की हेच. दाग्नीने इतके गठ्ठे घेतले की अंगणातली सॉनाची, म्हणजे वाफेत बसून घाम काढायची, खोली छतापर्यंत भरली आणि तो सगळा हिवाळा घरातल्यांना बादलीत अंघोळ करावी लागली. नवरा कुरकुरला, तर दाग्नी म्हणाली, "पोरगी भुशात पडून पडून ठसकतेय. तू एक हिवाळा घामाशिवाय राहिलास तर मरत नाहीस."

त्या गादीवरून इल्वा निघाली ती देशाची अजिंक्यपदं घेत सुटली. युरोपच्या स्पर्धेत रौप्य. ऑलिम्पिकमध्ये चौथी. पहिल्या तिघींच्या गळ्यात पदक आणि चौथीच्या हातात घरी जायचं तिकीट, पण टालनेसच्या लोकांनी स्टेशनवर झेंडे आणले होते. गावच्या बेकरीने तिच्या नावाचा एक उंच, सडपातळ केक काढला. तो बशीत आडवाच व्हायचा, तरी लोक घ्यायचे.

एकच टोचणी राहिली होती. दोन मीटर. उंच उडीतल्या बायकांसाठी दोन मीटर म्हणजे उंबरठा. ज्या ओलांडतात त्यांची नावं वेगळ्या आवाजात घेतली जातात. इल्वा कित्येक वर्षं दोन सेंटिमीटर अलीकडे अडकून पडली होती. जगातल्या मोठमोठ्या मैदानांवर दांडी तिच्या पाठीला, टाचेला, एकदा तर वेणीला लागून खाली आली. आणि मग ऑलिम्पिकच्याच वर्षी, शरद ऋतू लागताना, टालनेसच्या स्वतःच्या मैदानावर, हंगामाच्या शेवटच्या छोट्याशा स्पर्धेत ती तो उंबरठा ओलांडून गेली.

दाग्नी तेव्हा क्लबच्या खोपटात कॉफी करत होती. मैदानाकडे पाठ. तिने आयुष्यभर मुलीच्या उड्या कानांनीच पाहिल्या होत्या: आधी पावलं, मग गादीचा धप्प आवाज, आणि मग दांडी पडल्याचा तो खळ्ळकन आवाज. त्या संध्याकाळी पावलं वाजली, गादी वाजली. तिसरा आवाज आलाच नाही. दाग्नीने कॉफी आपल्याच बुटांवर ओतली.

बेर्तिल पंच होता. नियमाप्रमाणे त्याने उडीआधी दांडीच्या मध्यावर मोजकाठी उभी करून मोजलं होतं. उडीनंतर पुन्हा मोजलं, दुसऱ्या पंचाला मोजायला लावलं. दोन मीटर, केसाचाही फरक नाही. पण राजधानीतल्या एका वर्तमानपत्राला ते पचलं नाही. जगभर हिंडून जे जमलं नाही ते घरच्या अंगणात बरं जमलं, असा त्यांचा सूर. टालनेसमधला मीटर जरा आखूड असतो की काय, असंही गमतीत लिहिलं. बातमीदाराने फोनवर इल्वाला विचारलं, तर ही काय म्हणाली? "कुणास ठाऊक, दांडी थोडी लवली असेल!" आणि हसली.

हसू छापलं जात नाही. वाक्य छापलं गेलं.

त्यानंतर बेर्तिलने पंचाचं जाकीट कपाटात ठेवलं. कुणाला काही बोलला नाही. विचारलं तर म्हणायचा, डोळे साथ देत नाहीत. लांबच्या झाडावरचा सुतारपक्षी दाखवणारा माणूस!

या सगळ्यानंतर आता कुठे गावाला सुचलं होतं. मैदानाच्या फाटकापाशी दोन खांब उभे करून त्यांच्यावर, बरोबर दोन मीटरवर, लाल-पांढरी लोखंडी दांडी कायमची बसवायची. खाली पितळी पाटीवर इल्वाचं नाव. येणाऱ्या-जाणाऱ्याने दांडीखालून जावं आणि मान वर करून बघावं. रविवारी उद्घाटन, कारण सोमवारपासून मूसची, त्या घोड्याएवढ्या हरणांची, शिकार सुरू आणि मग गावात पुरुष औषधालाही सापडत नाही.

शुक्रवारी दुपारी दाग्नी आपला चाकांचा वॉकर ढकलत बघायला गेली. बरोबर इल्वा होती आणि शेजारची गुनब्रित होती. गुनब्रितला कुठेही बोलावलेलं नसलं तरी ती असायचीच.

"छान झालंय की!" गुनब्रित म्हणाली. "आणि ही फरशी बघ. वॉकर कसा लोण्यासारखा जातो."

फरशी खरंच छान होती. करडे चौकोनी दगड, फाटकापासून मैदानापर्यंत. दाग्नी दांडीकडे बघत होती. छाती भरून आली तसं तिने नाक जोरात शिंकरलं, म्हणजे कुणाला वेगळा संशय नको.

इल्वाने बूट काढले. मोज्यांवरच दांडीखाली जाऊन उभी राहिली, मूठ डोक्यावर ठेवली आणि अंगठा वर केला. ही तिची जुनी सवय. डोक्यावर मूठ, मुठीवर अंगठा, आणि अंगठ्याच्या टोकाला दोन मीटर. परक्या देशांत, परक्या मैदानांवर दांडी वर चढली की ती असंच करून बघायची.

अंगठा दांडीखाली मुडपला.

इल्वाने हात खाली घेतला. बूट घातले. "सुंदर आहे," म्हणाली. "नगरपालिकेच्या योआकिमने किती मेहनत घेतलीय."

गुनब्रितला काही कळलं नाही, ती पाटीवरची अक्षरं चष्म्याने वाचत होती. दाग्नी मात्र मुलीचा चेहरा ती पाळण्यात असल्यापासून वाचत आली होती.

घरी आल्यावर तिने कॉफी ठेवली, गुनब्रितला "तुझी मांजर उपाशी असेल" म्हणून वाटेला लावलं आणि टेबलाशी बसून विचारलं, "किती कमी आहे?"

"काय कमी?"

"इल्वा, मी खानावळीत शंभर पुरुषांना वाढलंय. कोण भरल्या पोटी उठलाय आणि कोण लाजेने उठलाय, ते मला पाठीवरून कळतं. किती?"

इल्वाने पावाचा तुकडा मोडला, परत बशीत ठेवला. "तीन सेंटिमीटर. वसंतात खांब रोवले तेव्हा बरोबरच मोजलं असणार. फरशी नंतर बसवलीय ना. जमीन वर आली."

"मग योआकिमला फोन लाव."

"नको."

"का नको?"

"आई, परवा कार्यक्रम आहे. पाटी झाली, पत्रकं गेली, शाळेचा बँड येणार आहे. तो बिचारा महिनाभर धावतोय. तीन सेंटिमीटरचं काय एवढं? कुणाला दिसतंय?"

"तुला दिसलं."

"माझं सोड."

"तेच तर करत आलेय तुझ्या जन्मापासून!" दाग्नीने किटली अशी आपटली की झाकण उडालं. "दोन मीटर उडायला तू किती वर्षं खपलीस? आणि आता तुझ्या नावाखाली जी दांडी टांगलीय, ती तू एरवी सरावात सुद्धा ओलांडायचीस. उद्या कुणीतरी खिशातून टेप काढेल, लावेल, आणि म्हणेल, बघा, खरंच की! टालनेसचा मीटर आखूडच आहे! मग काय सांगशील? दांडी लवली असेल?"

इल्वाचा चेहरा उतरला. "तो विनोद होता."

"बेर्तिलला जाऊन विचार, हसला होता का."

खिडकीबाहेर मोठा मुलगा शिकारीच्या गाडीचं टायर बदलत होता आणि मुद्दाम आत येत नव्हता.

"मला लोकांसमोर त्याचं नाक कापायचं नाहीये," इल्वा शेवटी म्हणाली. "आणि तूही काही बोलायचं नाहीस. आई, मला वचन दे. रविवारी तू तोंड उघडणार नाहीस."

दाग्नीने आयुष्यात अनेक अवघड कामं केली होती, हे त्यांतलं सगळ्यात अवघड. "नाही उघडणार," ती म्हणाली. "पण तुझ्यासाठी देतेय वचन. मला पटलंय म्हणून नाही."

शनिवारी दुकानात दुधाच्या कपाटापाशी योआकिमच समोर आला. नगरपालिकेचा क्रीडा अधिकारी, पोरसवदा, नेहमी घाईत, आणि इतका सभ्य की दारं त्याच्यासाठी नाही तर तो दारांसाठी थांबायचा.

"फरशी कशी वाटली?" तो आनंदाने म्हणाला. "खास तुमच्यासाठी बरं का!"

"माझ्यासाठी?"

"चर्चच्या बुधवारच्या कॉफीला तुम्ही म्हणाला होतात ना, फाटकापाशी खडीत वॉकरची चाकं रुततात म्हणून? आराखड्यात फरशी नव्हती. मी म्हटलं, इल्वाच्या आईलाच तिथपर्यंत येता येत नसेल तर उपयोग काय? उन्हाळ्यात बसवून घेतली."

दाग्नीच्या जिभेवर एकाच वेळी पाच वाक्यं आली. तिने ती पाचही गिळली, दुधाची दोन डबडी जास्तीची टोपलीत टाकली आणि "आभारी आहे" म्हणून निघाली. घरी येईपर्यंत जबडा दुखायला लागला होता.

रविवारी हवा स्वच्छ होती. बर्चची झाडं नुकती पिवळी पडायला लागली होती, आणि सगळं टालनेस आपापली चांगली जाकिटं घालून मैदानापाशी जमलं होतं. एकमेकांपासून हातभर अंतर ठेवून, हळू आवाजात हवेबद्दल बोलत. बँडने झेंड्याचं गाणं वाजवलं. टीव्हीवाली एक बाई कॅमेरा घेऊन आली होती. दाग्नी वॉकरच्या बैठकीवर, पहिल्या रांगेत, ओठ शिवल्यासारखे मिटून बसली होती.

"तुझी तब्येत बरी आहे ना?" गुनब्रितने विचारलं. "आल्यापासून कुणालाच काही बोलली नाहीस."

दाग्नीने नुसती मान हलवली. गुनब्रित घाबरली आणि तिने पिशवीतून पेपरमिंट काढून दिली.

तेवढ्यात बेर्तिल आला. म्हाताऱ्याने इतक्या वर्षांनी कपाटातलं पंचाचं जाकीट काढलं होतं. बटणं आता पोटावर लागत नव्हती, पण इस्त्री कडक होती. हातात लाकडी मोजकाठी; त्या संध्याकाळचीच. योआकिमने त्याला दांडीजवळ उभं राहायला बोलावलं होतं. बेर्तिल चालत खांबांपाशी पोचला, वर बघितलं, खाली फरशीकडे बघितलं. काठी मोजायला उभी सुद्धा केली नाही. त्याला गरज नव्हती. तो हळूच वळला आणि लोकांच्या मागून आपल्या गाडीकडे गेला. डिकी उघडली, काठी आत ठेवली, वर घोंगडी टाकली. परत येऊन रिकाम्या हातांनी उभा राहिला. हात कुठे ठेवावेत ते कळेना म्हणून ते जाकिटाच्या खिशात घालत होता, आणि त्या जुन्या जाकिटाचे खिसे शिवलेले होते.

हे दोघींनी पाहिलं. दाग्नीने आणि इल्वाने.

योआकिमचं भाषण झालं. चांगलंच बोलला. इल्वाची अजिंक्यपदं, युरोपचं रौप्य, सगळं न अडखळता म्हटलं, आणि "याच मैदानावर, या उंचीवर" म्हणताना त्याने अभिमानाने दांडीकडे बोट दाखवलं. रिबन सुटली. टाळ्या वाजल्या, टालनेसच्या पद्धतीच्या, म्हणजे मोजून आणि हातमोज्यांतून. मग त्याने इल्वाला दोन शब्द बोलायला सांगितलं.

इल्वा पुढे आली. खांद्यात मान घालून, नेहमीसारखी.

"आभार," ती म्हणाली. "खरं तर मी नशीबवान होते. बेर्तिल होता, तुम्ही सगळे होतात, आणि त्या दिवशी हवा..."

दाग्नीने डोळे मिटले. आलाच वारा, तिला वाटलं.

पण वाक्य पुढे गेलं नाही. दाग्नीने डोळे उघडले. आतापर्यंत मुलीची प्रत्येक उडी तिने पाठमोरी राहून ऐकली होती. या वेळी तिने मान फिरवली नाही.

इल्वा बेर्तिलच्या शिवलेल्या खिशांकडे बघत होती.

"माफ करा," ती म्हणाली. "हे दोन मीटर नाहीत."

शंभरेक माणसं तशीच उभी राहिली. टीव्हीवाल्या बाईने कॅमेरा खांद्यावर नीट घेतला.

"योआकिमने बरोबरच मोजलं होतं. फरशी नंतर बसली. आता हे तीन सेंटिमीटर कमी आहे. माफ करा." तिचा आवाज आता सरळ झाला होता, आणि त्याबरोबर पाठही. दाग्नीच्या लक्षात आलं की ही मुलगी किती उंच आहे, ते गावाने बऱ्याच दिवसांत पाहिलंच नव्हतं. "तुम्ही म्हणाल, तीन सेंटिमीटर काय ते. मला विचारा. शेवटच्या दोन सेंटिमीटरसाठी मी सहा वर्षं पाठीवर पडत होते. त्या संध्याकाळी मी दोन मीटर उडी मारली. हवेमुळे नाही. नशिबाने नाही. मी मारली. आणि ती दांडी लवलेली नव्हती, कारण बेर्तिलने मधोमध काठी लावून दोनदा मोजली होती. मी एकदा फोनवर मूर्खासारखी थट्टा केली आणि ती त्याच्या माथी बसली. बेर्तिल, तुझी काठी घेऊन ये."

बेर्तिल जागचा हलला नाही. मग त्याने जाकीट खाली ओढून सरळ केलं. तो वळला आणि गाडीकडे निघाला. या वेळी लोकांच्या मागून नाही, मधून. लोक बाजूला झाले.

योआकिम कानापर्यंत लाल झाला होता. "पण फरशी तर..." तो केविलवाणा म्हणाला आणि दाग्नीकडे बघायला लागला. "फरशी तर तुमच्याच तक्रारीवरून..."

आता मात्र वचन संपलं होतं, कारण गुपित उरलं नव्हतं.

"मी फरशी मागितली होती," दाग्नी म्हणाली. "दांडी खाली आणायला सांगितली नव्हती."

पहिली गुनब्रित हसली, मग बँडमधला ढोलवाला, आणि मग सगळं गाव, आधी हातमोज्यांत आणि नंतर उघड. योआकिमलाही हसावं लागलं. बेर्तिलने मधोमध काठी उभी केली. एक मीटर सत्त्याण्णव. त्याने ते मोठ्याने वाचलं, जुन्या पंचाच्या आवाजात.

"काढा हे दगड," कोणीतरी म्हणालं. शिकारीच्या तयारीत असलेल्या माणसांच्या गाड्यांत काय नसतं? पहारी निघाल्या, फावडी निघाली. दांडीखालची एक रांग उचलली गेली, वाळू उपसली गेली. आता खड्डा झाला, उंची जास्त भरली. काय घालायचं यात? खडी नको, दाग्नीची चाकं रुततात, असं कुणीतरी मागून म्हणालं आणि तिने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने तोंड वळवलं.

"भुसा," बेर्तिल म्हणाला.

दाग्नीच्या मोठ्या मुलाने गाडी काढली आणि गिरणीतून दोन पोती घेऊन आला. ताजा, पाइनचा, ओलसर. इल्वाने स्वतः तो पायांनी दाबला, बेर्तिल काठी लावून बघत होता. "थोडा अजून. थांब. दाब. आता." काठी दांडीला टेकली.

"दोन मीटर," बेर्तिल म्हणाला आणि नियमाप्रमाणे पुन्हा मोजलं. मग काठी योआकिमच्या हातात देऊन त्यालाही मोजायला लावलं. "दोन मीटर," योआकिम म्हणाला. टीव्हीवाल्या बाईने ते दोन्ही बाजूंनी टिपलं.

इल्वाने बूट काढले आणि भुशात उभी राहिली. मूठ डोक्यावर, अंगठा वर. अंगठ्याचं टोक दांडीला टेकलं आणि तिथेच राहिलं. या वेळी गावाने हातमोजे काढून टाळ्या वाजवल्या. ती मान खाली न घालता उभी राहिली, टाळ्या संपेपर्यंत.

नंतर क्लबच्या खोपटात कॉफी. बेकरीने इल्वाच्या नावाचे केक पाठवले होते, सगळे आडवे. लोकांनी एकेक घेतला, आणि शेवटी ट्रेमध्ये एक उरला. मग नेहमीचं सुरू झालं. कुणीतरी अर्धा कापून नेला, दुसऱ्याने त्या अर्ध्याचा अर्धा, शेवटचा तुकडा घेणारा हावरट ठरू नये म्हणून. बोटाएवढा तुकडा उरला तसा सगळ्यांना अचानक पोट भरल्याचं आठवलं. इल्वा त्याच्याकडे बघत होती. सकाळपासून तिने काही खाल्लं नव्हतं.

दाग्नीने ट्रे ओढला, तो तुकडा काट्याने उचलला आणि मुलीच्या बशीत ठेवला. मग तिच्या कॉलरवरचा भुसा झटकला, जसा शेडमधून आल्यावर झटकायची, तसाच, जरा जोरातच. आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"बोललीस ते बरोबर बोललीस, आणि बेर्तिलसाठी बोललीस तेव्हा तर माझ्याहून चांगलं बोललीस. पण 'माफ करा' दोनदा का म्हणालीस? दोन मीटर उडणाऱ्या बाईला एकदा पुरे. खा आता."